टीव्हीवरच्या गुरुजींची बाजू कशी लढवावी

प्रत्येक घरात एकजण असतो, सकाळी सव्वानऊ वाजले की देवपूजा अर्धवट सोडून टीव्हीसमोर बसणारा आणि स्क्रीनवरचे शेअरबाजाराचे गुरुजी बोलायला लागले की लाइटबिलाच्या मागे टार्गेट-स्टॉपलॉस (म्हणजे शेअर कुठवर चढेल तो भाव, आणि कुठवर पडला की तोटा सोसून विकायचा तो भाव) उतरवून घेणारा. तो तुम्हीच असाल तर नीट वाचा, कारण रविवारी साडू जेवायला येणार आहेत आणि मटणावर हात मारता मारता विचारणार आहेत, "काय साडूभाऊ, तुमच्या त्या टीव्हीवाल्याचे घ्या-विकाचे कॉल किती बरोबर येतात हो?"

पहिली गोष्ट, मोजायचं नाही. मोजणं हे कोत्या मनाचं लक्षण आहे. १८० चं टार्गेट दिलं आणि आलं, तर तारीख, वार, गुरुजींच्या शर्टाचा रंग सगळं लक्षात ठेवा. नाही आलं तर "स्टॉपलॉस दिला होता ना!" स्टॉपलॉस उडवून शेअर पुन्हा वर गेला तर "कॉल बरोबरच होता, लेव्हल जरा चुकली." आणि वरही नाही खालीही नाही, नुसता पडून राहिला, तर तो लाँग टर्म. (लाँग टर्म म्हणजे इंट्राडेत, त्याच दिवशी घेऊन विकायच्या सौद्यात, अडकलेला माल, हे साडूंना सांगायची गरज नाही.)

यानेही भागलं नाही तर वकिली करा, आणि तिथे आदर्श ठेवा अमेरिकेतल्या जिम क्रेमरचा. सीएनबीसी या बिझनेस चॅनलवर २००५ पासून 'मॅड मनी' करतो, बाह्या वर, बटणं दाबून तेजीच्या बैलाचे, मंदीच्या अस्वलाचे आवाज काढतो, आपल्याकडच्यांना अजून एवढं जमलेलं नाही. ११ मार्च २००८ ला एका प्रेक्षकाने विचारलं की बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेतून पैसे काढून घेऊ का, तर हा नाही नाही नाही म्हणून ओरडला, कंपनी ठणठणीत आहे, पैसे हलवू नका. शेअर तेव्हा साठ डॉलरच्या वर होता. पाचव्या दिवशी जेपी मॉर्गन बँकेने ती कंपनी शेअरला २ डॉलर भावाने घ्यायचं ठरवलं, नंतर १० केले, ती गोष्ट वेगळी. आता यावर क्रेमरचा बचाव ऐका: मी तिथे ठेवलेल्या पैशाबद्दल बोलत होतो, शेअरबद्दल नाही! आणि गंमत म्हणजे शब्दशः बघितलं तर माणूस बरोबर आहे, खातेदारांचे पैसे बुडाले नाहीत. ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं हा त्यांच्या कानाचा प्रश्न. हे पाठ करून ठेवा, फार उपयोगी पडतं.

साडू जरा इंटरनेटवाले असतील तर म्हणतील, मग त्याच्या उलटं करायचं की, सोप्पंय. घाबरू नका, इथे हुकमाचा एक्का तुमच्याकडे आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत खरोखरच क्रेमरच्या उलट पैज लावणारा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) निघाला होता, वर्षाच्या आत तोट्यात बंद पडला. त्याच्या बाजूने चालणाराही एक होता, तो तर त्याच्याही आधी गुंडाळला. म्हणजे गुरुजी चुकतात असंही छातीठोक म्हणता येत नाही, त्यातही त्यांचा भरवसा नाही.

मग शेवटी प्रामाणिकपणावर गाडी येईल. तेव्हा सेबीचं, म्हणजे शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, नाव तुम्हीच आधी काढा. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने 'स्टॉक २०-२०' कार्यक्रमाच्या एका अँकरविरुद्ध आदेश काढला, म्हणणं असं की टीव्हीवर शिफारस यायच्या आधी तेच शेअर घरच्यांच्या खात्यात घेतले जायचे आणि कार्यक्रमानंतर विकले जायचे, २.९५ कोटी जप्त करायला सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका हिंदी बिझनेस चॅनलवर येणाऱ्या पाहुण्या तज्ज्ञांबद्दल तशीच तक्रार, टिप आधी ओळखीच्यांना आणि मग तुम्हाला, आकडा ७.४१ कोटी. आता साडूंना शांतपणे विचारा, सेबीने धरलेल्या या मंडळींचा ट्रॅक रेकॉर्ड बघा ना कसला झकास आहे! शेअर वर जाणार म्हटलं आणि गेला, कारण घरोघरी लाइटबिलावर लिहून घेणारी माणसं तो घ्यायला बसलीच होती. कॉल खरा करायचं काम तुम्ही केलंत, फक्त नफा दुसऱ्याच्या डिमॅट खात्यात गेला. आणि आपले गुरुजी? महिन्यातून वीस वेळा चुकतात. एवढा चुकणारा माणूस लबाड असेल का हो?

यावर साडू दोन मिनिटं गप्प बसतील. नंतर हात धुऊन येतील आणि म्हणतील, बरं ते जाऊ द्या, तुमचं अ‍ॅप उघडा बघू जरा. तेव्हा म्हणायचं, रविवारी मार्केट बंद असतं, आणि आत आवाज द्यायचा, अगं साडूभाऊंना रस्सा वाढ.