डास, वास आणि एकाला तीन झाडं: खारफुटीच्या त्या फॉरवर्डबद्दल

मुंबईतल्या आमच्या चारकोपच्या सोसायटी ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. खारफुटी, म्हणजे खाडीकाठची खाऱ्या पाण्यातली झाडं (मँग्रोव्ह), म्हणजे नुसता नासका चिखल, डास तिथूनच येतात, पूर-बिर काही अडत नाही, तोडा आणि एकाला तीन झाडं विदर्भात लावा, ऑक्सिजनचा हिशोब फिट्ट. खाली अंगठ्यांची रांग. म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आधी डास. डेंग्यू पसरवणारी एडिसची मादी अंडी घालते ती आपल्या घरातल्या साठलेल्या पाण्यात, म्हणजे फ्रीजमागचा ट्रे, पिंप, गच्चीवरची ताडपत्री आणि (सॉरी काका) तुमच्या बाल्कनीतल्या मनी प्लांटच्या बाटल्या. शहरातल्या मलेरियाचा डास टाक्या-विहिरींत वाढतो. खाऱ्या पाण्यातले डासही असतात, नाही असं नाही, पण अळीला आठवडाभर शांत पाणी लागतं आणि खाडीत भरती दिवसातून दोनदा येते, वर अळ्या खाणारे मासे. डबकी साचतात ती रात्री डंपरने डेब्रिज टाकून भरतीची वाट बुजवली की.

आता चिखल आणि वास. वास येतो हे खरंच आहे, सडक्या अंड्यासारखा. कारण त्या चिखलात हवाच शिरत नाही, तिथले बॅक्टेरिया ऑक्सिजनशिवाय जगतात आणि समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. खाली हवा नाही म्हणूनच तिवराची (हे खारफुटीतलंच एक झाड) मुळं उलटी, चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात श्वास घ्यायला, आणि हवा नाही म्हणूनच गाळात गाडलेला पालापाचोळा हळू कुजतो आणि त्यातला कार्बन वर्षानुवर्षं तिथेच राहतो. तिवराचं पान एकदा चाटून बघा, खारट लागतं, जास्तीचं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. आणि नासका कसला, ओहोटीला पाच मिनिटं गप्प उभं राहिलात तर निवट्या (चिखलावर फिरणारे छोटे मासे) उड्या मारताना दिसतील, खेकडे पानं ओढून बिळात नेताना दिसतील. ती पानं कुजून, त्यावर बुरशी-बॅक्टेरिया बसून, तेच कोळंबीच्या पिल्लांचं खाणं होतं, कोळंबीवर जिताडा मासा आणि जिताड्यावर आपण.

पुराबद्दल मात्र दोन्ही बाजू फेकतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो कुठल्याही झाडाने अडला नसता. पण एवढं पाणी पसरायला जागा लागते, आणि मिठी नदीच्या काठची तीच जागा आपण भराव टाकून खाल्ली होती. शिवाय लाटांचा जोर मोडायला आणि काठाची माती धरायला ही मुळं लागतातच.

राहिली तीन झाडं. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, चारकोपला तेवढाच आणि चंद्रपूरलाही तेवढाच, त्यामुळे तो हिशोब मुळातच फालतू. विदर्भात झाडं जरूर लावा, पण सागाच्या बुंध्याशी कोळंबी थोडीच वाढणार आहे, आणि तिवराला भरती लागते, ती तिकडे कोण नेणार?

रविवारी ओहोटीच्या वेळी मी काठावर जातोय, ज्यांना निवट्या बघायच्यात त्यांनी या, फक्त जुन्या चपला घाला.