पाणी पुरेलच: नव्या संकुलाचा अहवाल लिहिणाऱ्यांसाठी

अभिनंदन! शहराच्या वेशीवर पाच हजार घरांचं संकुल येऊ घातलंय आणि त्याला पाणी पुरेल का, हे सांगायची कामगिरी तुमच्याकडे आली आहे. दडपण घेऊ नका. उत्तर नेमणुकीच्या पत्राबरोबरच आलेलं आहे. तुम्ही फक्त त्या उत्तराला शोभतील असे आकडे गोळा करायचे आणि रंगीत आलेखांत बसवायचे.

धरणावर मात्र जाऊ नका. तिथे गेलं की पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी दिसते, काठावरचा गाळ दिसतो, आणि एखादा जुना अभियंता भेटला तर तो वर्षावर्षाचा येवा, म्हणजे धरणात किती पाणी आलं ते, तोंडपाठ म्हणून दाखवतो. अशा माणसाशी अर्धा तास बोललात की अहवालाची वाट लागलीच म्हणून समजा. कार्यालयात बसा, धरणाची मूळ संकल्पित क्षमता शोधा आणि तीच लिहा. बांधल्यापासून किती गाळ साठला हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारलेला नाही. मृतसाठा, म्हणजे दरवाज्यांच्या खाली राहणारं, सहज काढता न येणारं पाणी, हेही शेवटी पाणीच आहे, त्याला वेगळं का पाडायचं?

आता मुख्य गोष्ट, सरासरी. पाण्याचा हिशेब नेहमी सरासरी वर्षाचा मांडा. पाणीपुरवठ्यातली काही हट्टी मंडळी 95 टक्के विश्वासार्हतेचा आग्रह धरतात. म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव वर्षांत निदान जेवढं पाणी हाती येईल, तेवढंच शहराचं धरायचं. असं केलं की उपलब्ध पाणी एकदम आटतं आणि त्याबरोबर तुमचं पुढचं कामही. सरासरीत हा त्रास नाही. एक वर्ष महापूर, दुसरं कोरडं ठाक, दोन्ही मिळून सुखाचं वर्ष. कोरड्या वर्षी लोकांनी पुराच्या वर्षीचं पाणी प्यायचं कसं, हा वितरण विभागाचा प्रश्न.

सरासरी काढायची तर कोणत्या वर्षांची, यातही कसब आहे. इथे अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवा. 1922 मध्ये तिचं पाणी वाटायला मंडळी बसली, तेव्हा हाती होत्या त्या नोंदी नेमक्या ओल्या वर्षांच्या. त्या भरवशावर वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी वर्षाला 75 लाख एकर-फूट देऊन टाकले (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी). 1944 मध्ये मेक्सिकोला आणखी 15 लाखांचं वचन दिलं. बेरीज झाली 1 कोटी 65 लाख. नदीला हे कोणी कळवलं नसावं, कारण या शतकात ती सरासरी सव्वा कोटीच्या आसपासच वाहते आहे. पण करार बघा, शंभर वर्षं ओलांडूनही कसा ठणठणीत आहे! कागद नदीपेक्षा टिकाऊ असतो, एवढं त्यातून घ्या.

मागणीची बाजू सोपी आहे. घरटी चार माणसं, माणशी दिवसाला 135 लिटर, हा भारतीय शहरांसाठीचा रुळलेला निकष. पाच हजार घरांचे झाले 27 लाख लिटर. इथे थांबा. बाग, तरणतलाव, गाड्या धुणं, तळमजल्यावरची दुकानं, खुद्द बांधकामाला लागणारं पाणी, यातलं काही आठवलं तरी लिहू नका. आणि मुख्य म्हणजे गळतीचं नाव काढू नका. शहराच्या नळांत वाटेत 40 टक्के पाणी हरवत असेल (मेक्सिको सिटीसारख्या महानगरात साधारण तेवढं हरवतं), तर नळाला 27 लाख लिटर येण्यासाठी धरणातून 45 लाख सोडावे लागतात. हा भागाकार शाळेतल्या मुलालाही जमेल, म्हणून तर तो अहवालात नको.

सगळ्यात कामाची युक्ती मात्र पुढे आहे. ती नीट समजून घ्या, बाकीचं विसरलात तरी चालेल.

प्रकल्प नेहमी एकटा तपासा. तुमचं संकुल शहराच्या एकूण पुरवठ्याच्या किती टक्के पाणी पिणार? अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्याने कोणतं शहर तहानलंय? ठळक अक्षरांत लिहा: ‘परिणाम नगण्य.’ पलीकडच्या टेबलावर तुमचा सहकारी शेजारच्या संकुलाचा अहवाल लिहीत असेल. त्याचाही परिणाम नगण्य. वरच्या मजल्यावर आणखी तीस फायली आहेत, सगळ्या अर्ध्या अर्ध्या टक्क्याच्या, सगळ्या नगण्य. तीस नगण्यांची बेरीज करण्याचं काम कोणत्याही टेबलाकडे दिलेलं नाही आणि ते कोणी मागूनही घेत नाही.

त्यातून शहराकडे ‘शिल्लक’ म्हणून दाखवलेलं पाणी तर अक्षय असतं. आज शहरात दिवसाला 40 लाख लिटर शिल्लक आहे असं समजा. तुमच्या अहवालात लिहा: मागणी 27 लाख, शिल्लक 40 लाख, सबब पाणी पुरेसं. सहकाऱ्यानेही तेच 40 लाख घ्यावेत. त्याने पाच वर्षांपूर्वी मंजूर होऊन अजून न बांधलेल्या घरांचं पाणी वजा केलं, तर त्याला चहाला न्या आणि समजावून सांगा की जी घरं उभीच नाहीत ती पाणी कशी पितील? ती उभी राहतात तेव्हा अर्थात आपली बदली झालेली असते.

हे आपल्याच टेबलांचं कौतुक आहे असं समजू नका, मोठमोठ्यांनी ही वाट मळलेली आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य जलप्रकल्पाने करारांनी सुमारे 42 लाख एकर-फूट पाणी देऊ केलं, आणि प्रत्यक्षात बांधून झालेल्या कामांतून मिळू शकत होतं त्याच्या साधारण निम्मं. 2000 साली तिथल्या न्यायालयाने या फरकावर बोट ठेवलं आणि अशा पाण्यासाठी तिकडे ‘कागदी पाणी’ हा शब्दच रूढ झाला. ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सची गोष्ट त्यामानाने ताजी आहे. 2023 च्या जूनमध्ये राज्याने भूजलाचं गणित मांडलं, पुढच्या शंभर वर्षांत मागणीच्या सुमारे 4 टक्के पाणी कमी पडेल असं निघालं, आणि निव्वळ भूजलावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींना पाणी पुरेल असे दाखले देणं थांबवलं. फक्त आधीच दाखला मिळालेले सुमारे 80 हजार भूखंड तेवढे मोकळे ठेवले. म्हणजे दाखला मिळण्याचा मुहूर्त महत्त्वाचा, पाणी नव्हे. तुमच्या विकासकाला हे लवकर सांगा.

आता एखादा खडूस कायदा आडवा आलाच, तर आधी त्यातला आकडा वाचा. कॅलिफोर्नियाने 2001 मध्ये कायदे केले की मोठ्या प्रकल्पाला पुरेसं पाणी असल्याचं आधी दाखवावं लागेल. मोठा म्हणजे पाचशे घरांहून मोठा. हे वाचताच चारशे नव्याण्णव हा आकडा तुम्हाला एकदम गोड वाटू लागला असेल, तर तुम्ही या धंद्यात नाव काढणार. ॲरिझोनाच्या फिनिक्ससारख्या भागांत तर सहा किंवा अधिक भूखंड पाडले तरच शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. मग जमीन पाच-पाच तुकड्यांत विकावी, हे सुचायला फार डोकं लागत नाही. स्कॉट्सडेल शहराला लागून असलेली रिओ व्हर्दे फूटहिल्स ही वसाहत अशीच तुकड्यातुकड्यांनी वाढली. तिथली काहीशे घरं स्कॉट्सडेलमधून भरून येणाऱ्या टँकरवर जगत होती. 1 जानेवारी 2023 ला त्या शहराने टँकर भरून देणं बंद केलं. कारण सांगितलं दुष्काळाचं, आणि आधी आपले नागरिक. त्या घरांच्या कागदपत्रांत कुठेही काही बेकायदा नव्हतं, हे मी आवर्जून नमूद करतो.

इतकं करूनही तूट उरली तर ‘प्रस्तावित स्रोत’ हे प्रकरण जोडा. दूरच्या नदीचं पाणी, समुद्राचं खारं पाणी गोडं करणं, सांडपाण्याचा पुनर्वापर. यांतलं काहीही खोटं नाही. नामिबियातलं विंडहुक हे वाळवंटी शहर 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून पितंय. पण तिथे प्रकल्प आधी बांधला आणि पाणी नंतर मोजलं. तुम्ही उलटा क्रम ठेवा. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये निकाल दिलाय की भविष्यातलं पाणी निव्वळ अंदाजाचं चालणार नाही, ते मिळण्याची वाजवी शक्यता दाखवा. सुदैवाने तो निकाल तिकडचा आहे, आणि ‘वाजवी’चा अर्थ लावायला आपल्याकडे तुम्ही आहात.

पाणी आणलं की प्रश्न मिटतो, असंही ठासून सांगा. 1913 मध्ये ओवेन्स खोऱ्यातून पावणेचारशे किलोमीटरवरून लॉस एंजेलिसला पाणी आलं. ते आणणारे मुल्होलंड समारंभात एवढंच म्हणाले, ‘हे आलं, घ्या.’ शहराने खरोखरच घेतलं. दोन वर्षांत शेजारचं सॅन फर्नांडो खोरं जोडून घेऊन शहराचं क्षेत्र दुपटीहून जास्त झालं, पुढे ओवेन्स सरोवर कोरडं पडून त्याची धूळ उडू लागली, आणि कोलोरॅडोलाही हात घालावा लागला. एवढ्या तपशिलात अहवालाने शिरू नये. समारंभापर्यंतच थांबावं.

बैठकीत कोणी तरी शेतीचा मुद्दा काढेल. तो तुमच्याच बाजूचा आहे. ‘इथे आधी बारमाही पिकं होती, घरांना त्याहून कमीच पाणी लागतं,’ असं म्हणा. पुष्कळ ठिकाणी ते खरंही असतं. फक्त समोरचा हुशार असेल तर तो म्हणेल, दुष्काळात शेत एक वर्ष पडीक ठेवता येतं, पाच हजार कुटुंबं कशी पडीक ठेवायची? मला आजवर याचं उत्तर सापडलेलं नाही, म्हणून मी त्या वेळी मोबाइल कानाला लावून बाहेर जातो. वाटल्यास केप टाउनचं नाव घ्या. 2018 च्या फेब्रुवारीपासून तिथे माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा आली आणि शहराचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही खाली गेला. लोक भागवून घेतात, हे त्यावरून सिद्ध होतं. मात्र तेवढीच काटकसर रोजची सवय झाली आणि वाचलेलं पाणी नव्या घरांना देऊन टाकलं, तर पुढच्या दुष्काळात आणखी काय कमी करायचं, हे कोणी विचारायच्या आत आभारप्रदर्शन उरकून घ्या.

लास व्हेगसचं उदाहरण जपून वापरा, त्याला दोन्ही बाजूंनी धार आहे. 2002 नंतर तिथे साडेसात लाखांच्या आसपास माणसं वाढली आणि कोलोरॅडोतून घेतलेलं पाणी घटलं. हे वाक्य पहिल्या पानावर टाका. त्या शहराने हिरवळ काढून टाकायला लोकांना पैसे दिले, शोभेच्या हिरवळीला 2027 पासून नदीचं पाणी बंद करण्याचा कायदा 2021 मध्ये केला, घरातलं जवळजवळ सगळं सांडपाणी शुद्ध करून कोलोरॅडोवरच्या धरणामागच्या मीड सरोवरात परत सोडलं, हे मात्र गाळा. नाही तर कोणी तरी विचारेल की आपल्या संकुलात यातलं काय काय होणार आहे, आणि माहितीपत्रकावरच्या त्या गोल्फ मैदानाचं काय.

तुम्ही विरोधी बाजूचे असाल, म्हणजे तुमचं घर बांधून झालंय आणि आता आणखी कोणी येऊ नये असं मनापासून वाटतंय, तर याच युक्त्या उलट्या करून वापरा. सगळ्यात कोरडं वर्ष घ्या, माणशी वापर दुप्पट धरा, आणि आपल्या अंगणातल्या हिरवळीबद्दल अवाक्षर काढू नका. कॅलिफोर्नियातल्या बोलिनास गावाने 1971 मध्ये नव्या नळजोडण्या थांबवल्या. तिथे खरंच पाणी थोडं होतं. पण पाणी थोडं असल्याचा आनंद इतका मनापासून झालेली माणसं क्वचितच सापडतील.

राहिली जबाबदारी. त्यासाठी हमीपत्र असतं. विकासकाकडून लिहून घ्या की नळाचं पाणी येईपर्यंत तो टँकरने सोय करील. टँकरचं पाणी कोणत्या विंधन विहिरीतून येईल आणि ती कोणाच्या पाण्यावर भरते, हा रकाना अर्जातच नसतो. फारच वेळ आली तर रेल्वे आहे. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईचे मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले. शहराने आपल्या पाणथळी आणि तळी बुजवून तिथे इमारती उभ्या केल्या होत्या, त्यामुळे जमिनीखालीही फारसं काही उरलं नव्हतं. जुलैमध्ये जोलारपेट्टईहून, दोनशेहून जास्त किलोमीटरवरून, पन्नास वाघिणींची पहिली गाडी आली. तिच्यात सुमारे 25 लाख लिटर पाणी होतं. वरचं 27 लाखांचं गणित आठवत असेल तर लक्षात येईल, अख्खी गाडी आपल्या एका संकुलाला एक दिवससुद्धा पुरली नसती. म्हणून रेल्वेचा उल्लेख परिशिष्टात करा, मजकुरात नको.

अहवाल सादर करायचा तो पाणलोटात जोरदार पाऊस होऊन धरणाचे दरवाजे उघडल्याच्या आठवड्यात. मुखपृष्ठाला त्या दरवाज्यांचा फोटो शोभतो.

आणि सगळ्या फायली जपून ठेवा. पाच-सात वर्षांनी संकुल भरतं, नळ दिवसाआड येतो, मोर्चे निघतात, आणि मग नव्या जलवाहिनीच्या योजनेसाठी अहवाल हवा असतो. तो लिहायला अनुभवी माणूस म्हणून तुम्हालाच बोलावतील. त्यात मात्र 95 टक्के विश्वासार्हता धरा, गाळ मोजा, गळती मोजा, मंजूर झालेलं एकूण एक घर बेरजेत घ्या आणि धरणावर स्वतः जाऊन या, कारण या खेपेला उत्तर ‘पाणी अजिबात पुरत नाही’ असं ठरलेलं असेल.