विक्ड सोडा असं मी का म्हणतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण घाईघाईत उत्तर द्यायचं नव्हतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लिनक्सवर वायफायची जोडणी सांभाळायला नेटवर्कमॅनेजर हाच प्रोग्राम घ्या, हे मी सरसकट लिहून टाकलं. २ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपला ते जड होतं. तुमचं विक्ड, त्याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर, नऊ वर्षं निमूट चालत होतं, आणि माझा लेख वाचून नेटवर्कमॅनेजर टाकल्यापासून दर पाच-दहा मिनिटांनी कनेक्शन तुटतंय.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तुमचं काम तिथे अडलंय. नेटवर्कमॅनेजर टाकताना विक्ड बंद केलं होतंत का? ते करायला मी लेखात सांगितलंच नव्हतं, ही चूक माझी.

नौपाड्यात माझ्या मावशीकडे अगदी हेच झालं होतं. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी, लॅपटॉप दहा फुटांवर जेवणाच्या टेबलावर, सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या, आणि तरी व्हिडिओ कॉलवर नातीचा चेहरा मध्येच थिजायचा. मावशी म्हणाली, "अरे, बिल्डिंगमध्ये घरोघरी वायफाय आहे, त्याचाच गोंधळ असणार." मलाही ते पटलं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि यादीत शेजाऱ्यांची वीस-बावीस नावं दिसत होती. दोन तास चॅनल बदलत बसलो. मग जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, उघडला तेव्हा उलगडा झाला : नेटवर्कमॅनेजर कनेक्शन जोडतोय, थोड्या वेळाने विक्ड तेच कार्ड ताब्यात घेऊन नव्याने जोडायला बघतोय, की पुन्हा पहिला धावतोय. प्रत्यक्ष जोडणी दोघंही डब्ल्यूपीए सप्लिकंट या प्रोग्रामकडूनच करून घेतात, आणि कार्ड तर एकच. त्याला दोन मालक झाले की असंच होणार. विक्डची सर्व्हिस बंद करून काढून टाकली आणि त्या संध्याकाळी आजी-नात पाऊण तास बोलल्या.

तर आधी टर्मिनलमध्ये सिस्टिमसीटीएल या कमांडने चालू सर्व्हिसेसची यादी काढा आणि वायफायचा कारभारी एकच आहे ना ते बघा. तसं असूनही तुटत असेल, तर वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद करून पाहा.

आता विक्ड. ते साधं होतं, मीही वापरलंय, त्यामुळे तुमचा जीव का अडकलाय ते कळतं. पण ते पायथन २ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. डेबियन या लिनक्सच्या ११ व्या आवृत्तीपासून ते त्यात नाही. वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत डब्ल्यूपीए३ आली २०१८ मध्ये, विक्डवरचं काम त्याआधीच मंदावलं होतं. उद्या तुमच्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं, तर विक्डमध्ये त्याची सोयच नाही. म्हणून ते सोडा, हे माझं मत कायम आहे.

जडपणाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, निदान अर्धं. माझ्याकडे नेटवर्कमॅनेजर वीसेक एमबी मेमरी घेतो. ब्राउझरचा एक टॅब त्याहून जास्त खातो, पण लॅपटॉप घरातल्या एकाच टेबलावर, एकाच राउटरला जोडलेला राहणार असेल तर तेवढाही पसारा कशाला? तिथे इंटेलचं आयडब्ल्यूडी हे वायफाय जोडणारं छोटं सॉफ्टवेअर एकटं पुरतं. त्याला डब्ल्यूपीए सप्लिकंटही लागत नाही, सांकेतीकरणाचं बरंचसं काम ते कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, करून घेतं. एक खाचखळगा सांगून ठेवतो : टाकल्या टाकल्या ते राउटरला जोडतं, पण इंटरनेट वापरायला लागणारा आयपी पत्ता मागत नाही. स्क्रीनवर 'कनेक्टेड' दिसतं आणि एकही पान उघडत नाही. त्याच्या मेन.कॉन्फ फाइलमध्ये नेटवर्क कॉन्फिगरेशनची ओळ ट्रू करावी लागते, किंवा ते काम सिस्टिमडी-नेटवर्कडी या सर्व्हिसकडे सोपवावं लागतं.

मावशीला मी तरीही नेटवर्कमॅनेजरच ठेवलाय. तिचा लॅपटॉप फिरतो : घरी राउटर, ऐरोलीला लेकीकडे दुसरा, वीज गेली की मोबाइलचा हॉटस्पॉट. अँड्रॉइड फोन जोडणी देतानाच 'हा डेटा मोजून मिळालेला आहे' अशी खूण पाठवतो. नेटवर्कमॅनेजर ती ओळखतो आणि 'जीनोम सॉफ्टवेअर' हे तिच्या लॅपटॉपवरचं अ‍ॅप अपडेट आपोआप उतरवायचं थांबवतं. रोजच्या दीड जीबीत भागवणाऱ्या बाईसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. रेल्वे स्टेशनवर रेलवायरसारखं आधी ओटीपी मागणारं वायफाय असेल, तर लॉगिनचं पानही तिच्यासमोर आपसूक येतं. एकट्या आयडब्ल्यूडीवर ती खूण ओळखणंही नाही आणि लॉगिनचं पान आपसूक येणंही नाही.

'सगळ्यांनी नेटवर्कमॅनेजरच घ्या' हे मूळ लेखातलं वाक्य मी आज बदलतोय आणि विक्ड आधी बंद करायची पायरीही घालतोय. तुमचा लॅपटॉप घराबाहेर जातो की नाही, आणि त्या यादीत काय काय सापडलं, एवढं कळवा. कार्डाचं मॉडेलही लिहा. जुन्या ड्रायव्हरवर आयडब्ल्यूडी कधी कधी चालतच नाही, ते टाकायच्या आधी बघून सांगतो.