‘रोज १०० जेश्चर काढा’ या सल्ल्याचा हिशोब

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर थोड्याफार फरकानं सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: रोज ३० सेकंदांची १०० जेश्चर (देहाचा झोक पकडणारी झटपट रेखाटनं) काढा, महिन्यात फिगर (मानवी आकृती) पक्की होईल. लांब स्टडी (एकाच पोझचं सावकाश रेखाटन) टाळा, त्यानं फिगर ताठर होते. मोजमाप आणि खोडरबर विसरा. अ‍ॅनाटॉमी नंतर बघू. मॉडेल कशाला, फोटो पुरतात. फ्रेंच शिल्पकार रोदँसुद्धा झटपटच काढायचा.

यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटकन पटतं. एकेक मुद्दा घेऊ.

‘रोज १००, महिन्यात फिगर पक्की’

३० सेकंदांची १०० म्हणजे ५० मिनिटं. महिन्याला ३,००० रेखाटनं, एकूण २५ तास. एवढा वेळ मन लावून काढलं तर काहीतरी सुधारणारच. पण काय सुधारतं?

३० सेकंदांत सरावलेला हात दहा-पंधरा रेषा टाकतो. तेवढ्यात अंगाचा मुख्य झोक, कुठल्या पायावर भार आहे, खांदे कुठे कलले आणि कंबर कुठे, इतकं पकडता येतं. ही मोठी कमाई आहे, आणि ती जेश्चरशिवाय होत नाही. पण डोकं धडाच्या मानानं केवढं, कोपर कमरेच्या वर की खाली, आपल्या दिशेनं आलेली मांडी किती आखूड दिसते, हे ताडून पाहायला त्यात सवडच नसते. ताडून न पाहिलेली चूक १०० वेळा काढली की ती हातात मुरते.

नवशिक्याच्या वहीत हे लगेच दिसतं. तो डोक्यापासून सुरू करतो, मान आणि खांद्यात वीस सेकंद घालवतो, कमरेपर्यंत येतो तोच टायमर वाजतो. महिनाअखेरीला वहीत बिनपावलांची ३,००० माणसं जमतात. पावलं नाहीत म्हणजे भार कुठे पडलाय ते नाही, आणि जेश्चर काढायचं ते मुळात त्यासाठीच.

इलाज सोपा आहे, पण तो कुणी फॉरवर्ड करत नाही. पहिली ५ सेकंदं चारकोल कागदाला लावायचाच नाही, नुसतं बघायचं. मग माथ्याची एक खूण आणि भार घेतलेल्या पावलाची एक खूण. त्या दोन खुणांमध्ये एकच लांब रेषा. मग खांद्यांचा उतार, कमरेचा उतार, आणि वेळ उरला तर हात. कागद निदान ए३ हवा, बोर्डाला क्लिपांनी लावलेला, आणि हात खांद्यातून फिरायला हवा. खिशातल्या वहीवर मनगटातून काढलं की रेषा तुकड्यातुकड्यांची, केसाळ होते.

आणखी एक खोड म्हणजे प्रत्येक फिगरला तेच वळण. जेश्चर म्हणजे झोकदार रेषा, असा समज झाल्यामुळे एसटीच्या रांगेत खांबासारखा उभा असलेला माणूसही नर्तकासारखा लचकतो. पोझ सरळ असेल तर सरळ रेषा हेच तिचं जेश्चर.

‘लांब स्टडीनं फिगर ताठर होते’

या मजकुरातला सगळ्यात घातक दावा हाच. ताठरपणाचा संबंध वेळेशी नाही, सुरुवातीशी आहे. केसांपासून बाह्यरेषा काढत काढत खाली येणाऱ्याची फिगर ५ मिनिटांतही लाकडी होते आणि दोन तासांतही. खाली जेश्चर असेल तर वरचं तासाभराचं काम त्याच झोकावर बसतं.

२० मिनिटांची एक साधी पोझ घेऊ. मॉडेल उभं आहे, सगळा भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल. कागद हाफ इम्पीरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच, उभा. फिगर १७ इंचांची धरली तर डोकं साधारण सव्वादोन इंचांचं येतं. वर-खाली मिळून ५ इंच मोकळे राहतात, त्यातले ३ वर आणि २ खाली ठेवले की फिगर कागदावर नीट उभी राहते.

पहिली २ मिनिटं निव्वळ जेश्चर. भार उजव्या पायावर असल्यामुळे कमरेची उजवी बाजू वर उचलली जाते आणि तोल साधायला उजवा खांदा खाली येतो. हे दोन उतार एकमेकांच्या उलट. आपल्या मूर्तिकलेतल्या त्रिभंगाचा पायाही हाच. नवशिका इथेच पहिली चूक करतो: खांदे उतरते काढतो आणि कंबर मात्र पाटीसारखी आडवी. मग धड एका माणसाचं आणि पाय दुसऱ्याचे दिसतात.

त्यानंतर ओळंबा. गळ्याच्या खळग्यातून सरळ खाली उभी रेषा सोडायची. या पोझमध्ये ती भार घेतलेल्या पायाच्या घोट्याशी किंवा त्याच्या अगदी जवळ यायला हवी. रेषा पावलाच्या बाहेर पडली आणि मॉडेलनं कशाचाही आधार घेतलेला नाही, तर तुमची फिगर पडते आहे. शेडिंग कितीही चांगलं झालं तरी ती पडलेलीच राहणार. हे ६व्या मिनिटाला कळलं तर पाय सरकवता येतो. १८व्या मिनिटाला कळलं तर डोळेझाक केली जाते.

६ ते १२ मिनिटं जागा पक्क्या करायच्या. उंचीचा मध्य जांघेच्या हाडाजवळ कुठे येतो, गुडघा कुठे, हात आणि कंबर यांच्यामधल्या रिकाम्या जागेचा आकार कसा आहे. तो रिकामा त्रिकोण बरोबर आला की हात आणि कंबर दोन्ही बरोबर येतात. १२ ते १८ मिनिटं डोळे किलकिले करून दोनच टोन: उजेड आणि सावली. मधले टोन नाहीत, गालावरची चमक नाही. शेवटच्या २ मिनिटांत जिथे दाब आहे तिथे रेषा गडद करायची, म्हणजे टेकलेल्या पावलाखाली, बगलेत, वाकलेल्या कमरेच्या घडीत. हाताचा पंजा तोवर मोज्यासारखा एकसंध आकार असला तरी चालतो. बोटं काढायची तर ४० मिनिटांची पोझ घ्या.

तरीही फिगर ताठर वाटत असेल तर बहुधा दोन्ही बाजूंचे फुगवटे समोरासमोर काढलेले असतात. पोटरी बघा. बाहेरच्या बाजूचा फुगवटा वर असतो, आतला खाली. घोट्यांचं उलट: आतला वर, बाहेरचा खाली. त्यामुळे पायाच्या रेषा एकाआड एक तिरक्या सरकत खाली येतात. दोन्ही फुगवटे एका पातळीत काढले की पाय बाटलीसारखा दिसतो. हा फरक ३० सेकंदांत दिसायला हवा असेल तर तो आधी २० मिनिटांच्या पोझमध्ये नीट बघून झालेला असावा लागतो. लांब स्टडी जेश्चरला माल पुरवते, ती अशी.

जेश्चरची पद्धत सर्वदूर पोचवण्यात न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणाऱ्या किमन निकोलाइडीस यांचा मोठा वाटा. त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या अभ्यासक्रमात जेश्चरच्या जोडीला अगदी सुरुवातीपासून संथ कॉन्टूर (कडा डोळ्यांनी चाचपत सावकाश काढलेली रेषा) आहे, आणि पुढे लांब पोझही. फक्त जेश्चर काढत राहा, असं या पद्धतीच्या गुरूनंही सांगितलेलं नाही.

‘मोजू नका, खोडू नका’

३० सेकंदांत अर्थातच मोजायचं नाही. त्या वेळात खोडरबर हातात असणंही चूक. पण तोच नियम लांब पोझला लावला की घोटाळा होतो.

पेन्सिलीनं मोजताना कोपर पूर्ण ताठ आणि एक डोळा मिटलेला, दर वेळी तोच. कोपर जरासा वाकला तरी माप बदलतं, आणि मग ‘मोजूनसुद्धा चुकतं’ अशी तक्रार होते. मॉडेलपासून त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर बसा. जवळ बसलात तर डोक्याकडे बघायला मान वर आणि पावलांकडे बघायला खाली करावी लागते, त्यात माप बिघडतं.

याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत ‘फक्त ८ डोक्यांचं माप पाठ करा’ अशी पुस्ती असते. ८ डोकी हे आदर्श फिगरचं माप आहे. खरी माणसं बहुतेक ७ ते साडेसातच्या आसपास भरतात, आणि बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसाला ते माप लागूच पडत नाही. समोरचं डोकं मोजा.

खोडण्याबद्दल एवढंच, की आधी बरोबर रेषा काढा आणि मग चुकीची पुसा. चुकीची रेषा समोर असली की किती सरकवायचं ते दिसतं. आधी पुसलं तर हात पुन्हा तिथेच जातो. न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या पातळ कागदावर) मात्र फार खोडू नका, कागद लगेच फाटतो. लांब पोझला कार्ट्रिज (जाड ड्रॉइंग कागद) आणि मळून वापरायचा मऊ रबर घ्या.

‘अ‍ॅनाटॉमी नंतर’

स्नायूंची नावं नंतर शिकलात तरी चालेल. हाडांच्या उघड्या जागा मात्र पहिल्याच आठवड्यात माहीत हव्यात, कारण त्वचेखाली त्या कुठल्याही पोझमध्ये सापडतात: गळ्याचा खळगा, खांद्यांची टोकं, मानेच्या मागचा उठून दिसणारा मणका, कमरेची पुढची दोन हाडं, मांडीच्या वर बाहेरचा उंचवटा, गुडघ्याची वाटी, घोटे. मॉडेल स्थूल असेल तर कमरेची हाडं दिसत नाहीत, तेव्हा मांडीचा उंचवटा धरा. २ मिनिटांच्या पोझमध्ये यातले पाच-सहा ठिपके मांडले तरी फिगर सावरते.

‘फोटो पुरतात’

घरी सराव करायला फोटो ठीक आहेत, त्यात कमीपणा काही नाही. पण फोटोच्या दोन अडचणी आहेत.

एक म्हणजे भिंगाचा धोका. मोबाइलनं जवळून काढलेल्या फोटोत पुढे आलेला हात किंवा पाय अवाच्या सवा मोठा होतो. तो तसाच उतरवला तर प्रपोर्शन बिघडलेलंच शिकलं जातं. फोटो वापरायचा तर लांबून, कमरेच्या उंचीवरून काढलेला बघा. उडी मारतानाचे फोटो जेश्चरवाल्यांना फार आवडतात, पण हवेतल्या माणसाचा भार कुठेच नसतो. भार शिकायचा तर पाय जमिनीवर हवेत.

दुसरं, जिवंत माणूस हलतो, फोटो हलत नाही. १० मिनिटांनंतर खांदा उतरतो, हनुवटी खाली येते, कंबर आणखी बसते. कुठल्या क्षणाची पोझ धरायची हे तुम्हाला ठरवावं लागतं, आणि सुरुवातीचं जेश्चर हाताशी असेल तरच ते ठरवता येतं. म्हणून लांब पोझमध्ये पावलांभोवती खडूनं किंवा टेपनं खुणा करतात, आणि २० मिनिटांनी ५ मिनिटं सुट्टी देतात. परतल्यावर मॉडेल थोडं वेगळं उभं राहतंच. तेव्हा पहिल्या २ मिनिटांतलं रेखाटन प्रमाण मानायचं.

मॉडेल परवडत नसेल तर रॅपिड स्केचसाठी लोकलचा फलाट किंवा बाजार आहेच, आणि लांब पोझसाठी घरात वाचत बसलेला माणूस. आपला डावा हात आणि आरशातलं तोंडही कामाला येतं.

‘रोदँसुद्धा झटपट काढायचा’

काढायचा. मॉडेलला मोकळं फिरू द्यायचा आणि कागदाकडे न बघता रेषा सोडायचा. पण त्याचा जन्म १८४०चा आणि ही प्रसिद्ध रेखाटनं १८९०च्या दशकानंतरची. तोवर मातीत मानवी देह घडवून त्याची काही दशकं झाली होती. त्या रेषेमागचा साठा वगळून फक्त वेग उचलायचा म्हणजे पाया सोडून कळस.

तीच ५० मिनिटं

वेळ वाढवायची गरज नाही, वाटून घ्यायची आहे. ३० सेकंदांची १० (५ मिनिटं), १ मिनिटाची ५ (५ मिनिटं), २ मिनिटांची ५ (१० मिनिटं), ५ मिनिटांच्या २ (१० मिनिटं) आणि शेवटी २० मिनिटांची १. महिन्याचे तास तेच २५, पण त्यात २० मिनिटांच्या ३० स्टडी होतात.

२ मिनिटांत छातीचा पिंजरा आणि कमरेचा ठोकळा हे दोन घन आकार येऊ द्या, ५ मिनिटांत सांधे आणि लांब्या. त्याआधी शेडिंगला हात लावू नका. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा दोन तासांची एकच पोझ घ्या, २० मिनिटांच्या पाच बैठका आणि मध्ये ५ मिनिटांच्या चार सुट्ट्या. तिसऱ्या बैठकीनंतर चित्रातलं डोकं खाली येईल असा बोर्ड भिंतीला उलटा टेकवून दहा पावलं मागे जा. लांबलेला पाय किंवा मोठं झालेलं डोकं उलट्या चित्रात आधी खटकतं, आणि दुरुस्तीला अजून दोन बैठका हातात असतात.

ज्या दिवशी १५ मिनिटंच मिळतील त्या दिवशी जेश्चर चार पुरेत. उरलेल्या वेळात त्यांतलं सगळ्यात फसलेलं एक घ्या, त्याच्याशेजारी तीच पोझ ५ मिनिटांत मोजून काढा, आणि पहिल्यात काय सरकलं होतं ते लाल पेन्सिलीनं दाखवा.