कार्बोरेटर निर्दोष आहे

बंद पडलेली जुनी यामाहा आरएक्स हंड्रेड मोटारसायकल मराठवाड्यात रस्त्याच्या कडेला लावली, की दोन मिनिटांत तीन माणसं गोळा होतात आणि तिघांचं निदान एकच असतं: "कार्बोरेटरमदी कचरा आलाय." गाडी उदगीरची असो की हिंगोलीची, निदान बदलत नाही. चौथा काहीच बोलत नाही, कारण तो स्क्रू ड्रायव्हर आणायला गेलेला असतो.

कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, हा या गाडीतला सगळ्यात जास्त वेळा अटक झालेला इसम आहे, आणि तरी बहुतेक वेळा तो निर्दोष असतो, एवढंच मला सांगायचंय. 1985 ते 1996 एवढाच काळ ही गाडी भारतात बनली. म्हणजे सगळ्यात धाकटी आरएक्ससुद्धा आता तिशीला टेकली. इतक्या वर्षांत त्या बिचाऱ्याला इतक्यांदा उघडलंय, की स्क्रूच्या खाचा गुळगुळीत झाल्यात आणि जेटची (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळ्यांची) भोकं तारेनं कोरून कोरून मोठी झालीत. मग गाडी खरोखरच पेट्रोल जास्त खाते, आणि लोक म्हणतात, "बघा, म्हणलं नव्हतं का?"

खरं तर या इंजिनात बिघडायला जागाच कमी. 98 सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. गाडी चालायला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, करंट आणि कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. तपासायचं याच क्रमानं, कारण पहिलं फुकट तपासता येतं, दुसऱ्याला प्लग पाना लागतो आणि तिसऱ्यात खिसा जातो.

पेट्रोलपासून सुरुवात म्हणजे आधी टाकीखालचा कॉक उघडा आहे का ते बघणं. हसू नका. मग कार्बोरेटरला आलेला पाइप काढायचा, बाटलीत धरायचा, कॉक उघडायचा. धार अखंड पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात येऊन हळूहळू थेंबांवर आली, तर टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" झालं आणि धार पुन्हा सुरू झाली, तर चोर सापडला: झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल अडकतं. आपल्याकडची काळ्या रानाची धूळ, वर पावसाचे चार थेंब, एवढ्यात ते भोक लिंपून निघतं. अशी गाडी आठ-दहा किलोमीटर छान चालते, बंद पडते, मालक चहा पितो, तेवढ्यात हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी पुन्हा सुरू. श्रेय चहाला.

"आडवी पाडून बघा" हा सल्लाही हमखास मिळतो. त्यात मात्र तथ्य आहे. टाकी चासीच्या मधल्या नळीवर घोड्यावरच्या खोगिरासारखी बसलेली असते, त्यामुळे पेट्रोल कमी झालं की कॉकच्या पलीकडच्या कप्प्यात थोडं अडकून राहतं. गाडी कॉकच्या बाजूला कलती केली की ते इकडे येतं. पंपापर्यंत पोचायला पुरतं. याला दुरुस्ती म्हणू नये, एवढीच अट.

पेट्रोल येतंय, तर प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल आत पोचत नाही. ओला चिंब असेल तर पोचतंय, पण पेटत नाही. चिंब असेल तर कॉक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लग बाहेर ठेवून दहा-बारा किका मारा, म्हणजे आतलं साचलेलं पेट्रोल उडून जाईल. मग प्लग पुसून कॅपमध्ये घाला, त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या फिन्सला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब धरा, नाहीतर बाहेर आलेली पेट्रोलची वाफ तिथंच पेटते आणि बघ्यांची करमणूक होते. ठिणगी निळी, जाड आणि आवाज करणारी हवी. पिवळी, बारीक असेल तर आधी गॅप बघा, 0.6 ते 0.7 मिलिमीटर. मग कॅप फिरवून काढा, वायरीचं टोक पाच-सहा मिलिमीटर कापा आणि कॅप पुन्हा आवळा. आतली तार हिरवी पडलेली असते. फुकटातला इलाज असल्यामुळे तो सहसा कोणी सुचवत नाही.

गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू, पंधरा मिनिटांनी बंद, अर्ध्या तासानं परत सुरू, हा सगळ्यात छळवादी प्रकार. झाकण उघडून फरक पडला नाही, तर संशय मॅग्नेटोच्या, म्हणजे करंट तयार करणाऱ्या भागाच्या, कॉइलवर घ्या. आतली बारीक तार तापली की कुठंतरी सुटते, निवली की जोडली जाते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी निवते, आणि उस्ताद एका किकला सुरू करून म्हणतो, "इसमें तो कुछ बी नई है साब." म्हणून मीटर घेऊन बंद पडल्या जागी, गरम असतानाच कॉइलचा रेझिस्टन्स मोजायचा आणि थंड आकड्याशी ताडून बघायचा.

कंप्रेशनबद्दल थोडक्यात. गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारा. आकडा 100 पीएसआयच्या बराच खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. नाही चढला तर हेड गॅस्केट बघा. बोरिंग (झिजलेलं सिलिंडर मोठं कापणं) करायचंच असेल तर पिस्टन आधी विकत घ्या आणि सिलिंडर त्या पिस्टनच्या मापानं कापून घ्या, उलटं नाही.

आता खरे गुन्हेगार, ज्यांचं नाव रस्त्यावर कोणी घेत नाही: क्रँकचे दोन ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दोन टोकांच्या रबरी कड्या. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप असतो, तो हवाबंद हवा. डाव्या, मॅग्नेटोकडच्या सीलमधून हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आयडलिंग आपोआप चढतं, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली येईना. सगळे आयडल स्क्रू पिळत बसतात. उजवा, क्लचकडचा सील गेला तर इंजिन गिअर ऑइल पिऊ लागतं: पांढऱ्या धुराचे लोट, बाहेर एक थेंब गळती नाही, तरी ऑइलची पातळी उतरलेली. दोन्ही सील मिळून किमतीला फार नाहीत. पण डाव्याकडे मॅग्नेटो पुलरनं काढावा लागतो, हातोड्यानं नाही. हे कितीही वेळा सांगितलं तरी हातोडाच पुढं येतो. सीलच्या जोडीला रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेनं आत सोडणाऱ्या पाकळ्या) काढून उजेडाकडे धरा. पाकळीचा कोपरा तुटलेला किंवा फट दिसत असेल, तर किका मारून तुमचा गुडघा जाईल, गाडी नाही.

गाडी सुरू होते, पण ओढत नाही? सायलेन्सरच्या शेपटीचा बोल्ट काढा, बॅफल (आवाज दाबणारा आतला पाइप) बाहेर ओढा. काजळीनं तो बहुधा डांबरी झालेला असतो. जाळून, ठोकून साफ करा. घरात नको.

आणि आता नवा आरोपी, पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल. आपल्याच उसाचं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? जुन्या रबरी पाइपांना आणि ओ-रिंगांना तो फुगवतो, आणि हवेतली ओल शोषून घेतो. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि हा गडी टाकीत बसल्या बसल्या हवेतून ओढतो. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल म्हणून काढूनच टाका. इंजिनाला टूटी ऑइल पुरवणारा पंप काढून टाकलेला असेल, तर लिटरला 25 मिलि टूटी ऑइल, तेही बाटलीच्या बुचानं नाही, मेडिकलमधल्या सिरिंजनं मोजून.

एवढं सगळं करून झाल्यावर कार्बोरेटरला हात लावायला माझी परवानगी आहे. पायलट जेट पेट्रोलमध्ये भिजवा, कंप्रेसरची हवा मारा, तार घालू नका. नीडलची क्लिप मधल्या खाचेत. हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. गाडी थंड असताना चोक ओढला असेल तर किक मारताना थ्रॉटल देऊ नका. थ्रॉटल उघडला की चोकच्या वाटेनं पेट्रोल ओढणारी पोकळी कमी होते. हे मात्र ऐकायला कोणाचा हात तयार नसतो.

शेवटी प्लगचा रंग: तपकिरी म्हणजे मिश्रण बरोबर, पांढरा म्हणजे पातळ. सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये एक किलोमीटर एकसारखा थ्रॉटल धरा, क्लच दाबा, चावी बंद करा, कडेला थांबून प्लग काढा. गावोगावच्या स्पीड ब्रेकरमधून असा सलग किलोमीटर शोधणं हीच यातली अवघड पायरी. प्लग निवेपर्यंत परत तीन माणसं जमतात, आणि त्यातला एक टाकीवर हात फिरवत विचारतो, "द्यायची का वो मालक? कितीला देताव?"

प्लग तपकिरी निघाला तर म्हणायचं, विकायची नाही. पांढरा निघाला तर किंमत ऐकून घ्यायला हरकत नाही.