तायपान खेळताना अफू सगळ्यात शेवटी घ्या

‘तायपान’ नव्याने खेळणारा माणूस भावांचा तक्ता बघतो. अफूसमोर हजारांचे आकडे दिसतात आणि त्याला वाटतं, पैसा इथेच आहे. आपल्या इंदूरच्या सराफ्यात दुकान असलेल्या घरातली पोरंही हीच चूक करतात, म्हणजे कमाल आहे भिया!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८२ साली ॲपल टू या कॉम्प्युटरवर आलेला हा गलबतातून व्यापार करायचा खेळ आता ब्राउझरमध्येही चालतो. चित्रं म्हणजे अक्षरं जुळवून काढलेली गलबतं. काळ जानेवारी १८६०, मुक्काम हाँगकाँग. बाकीची बंदरं शांघाय, नागासाकी, सायगाव, मनिला, सिंगापूर आणि बटाव्हिया. माल चारच: अफू, रेशीम, शस्त्रं आणि किरकोळ माल. एक सफर म्हणजे एक महिना.

आता तक्ता नीट बघा. किरकोळ माल साधारण ५ ते २४, शस्त्रं ५० ते २४०, रेशीम ५०० ते २४००, अफू ५००० ते २४०००. चढउतार चारही ओळींत सारखाच, ओळीगणिक फक्त एक शून्य वाढतं. एकाच बंदरात स्वस्त आणि महाग भावात तिपटीचा फरक पडतो, तो किरकोळ मालातही पडतो. म्हणजे १०० रुपयांचे ३०० व्हायचे असतील तर ते कशातूनही होतात. मग अफू घ्यायची कशाला? तर गलबतात जागा कमी पडायला लागली की. त्याआधी नाही.

सुरुवातीला मालासाठी जागा असते ६० आणि हातात ४००. किरकोळ माल ५ ला मिळाला तर ३०० त गलबत भरतं आणि १५ ला विकला की ९०० हातात येतात. असे हजारभर जमले की तो माल घ्यायला जागाच उरत नाही, पैसा पडून राहतो. तेव्हा शस्त्रांवर या. शस्त्रांनी गलबत भरूनही पैसा उरला की रेशीम, आणि रेशमानेही भरून उरला की अफू. ही पायरी चुकवली तर काय होतं? हाँगकाँग सोडून इतर कुठल्याही बंदरात अफू जप्त होऊ शकते. साधारण अठरा सफरींत एकदा होते आणि वर रोकडीतून दंड. तिच्यात सगळं भांडवल घातलेलं असेल तर गल्ला साफ. किरकोळ मालाला कोणी हात लावत नाही.

सुरुवातीला दोन पर्याय मिळतात: ४०० रोकड आणि ५००० चं कर्ज, नाहीतर ५ तोफा आणि ना रोकड ना कर्ज. दुसऱ्यात पहिलं भांडवल चाच्यांना हरवून मिळणाऱ्या लुटीतूनच उभं करावं लागतं. शिवाय एक तोफ मालाची १० जागा खाते, म्हणजे ६० पैकी ५० गेल्या. आमचं मत सरळ आहे, कर्ज घ्या.

सावकार वू महिना १० टक्के लावतो, तेही चक्रवाढ. ५००० चे आठव्या महिन्यात १०७०० होतात आणि १०००० ओलांडले की त्याची माणसं तुम्हाला वाड्यावर घेऊन जातात. तरी पहिल्या तीन-चार सफरींत परतफेडीची घाई नको. जो पैसा महिन्यात दुप्पट-तिप्पट होतोय तो १० टक्के वाचवायला काढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. गलबत भरून पैसा उरू लागला की मात्र त्याच दिवशी सगळं फेडा, कारण बँक महिन्याला अर्धा टक्काच देते. (आपल्या महाराजा तुकोजीराव होळकर दुसऱ्यांनी १८७० साली इंदूरच्या रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी दिले, १०१ वर्षांच्या मुदतीने, वर्षाला साडेचार टक्क्यांनी. वू ने ऐकलं तर हसेल.)

इंदूरच्या माणसाला तक्त्यातली ती अफूची ओळ जरा टोचायला हवी. चीनला जाणारी अफू दोन ठिकाणची: बंगालची सरकारी मक्त्यातली आणि आपली माळव्याची. आपली पेटी कर भरून मुंबईला जायची आणि तिथून गलबतात. खेळात हे कुठेच नाही, माल जणू हाँगकाँगलाच पिकतो. जप्तीचा इतिहासही अर्धाच बरोबर. इंग्रजांशी झालेल्या १८५८ च्या करारानंतर चीनमध्ये पेटीमागे ३० टेल (चांदीचं चिनी माप) जकात भरून अफू उघड उतरवता येत होती, त्यामुळे १८६० च्या शांघायला जप्ती पटत नाही. नागासाकीला पटते, कारण जपानने १८५८ सालीच अमेरिकेशी केलेल्या करारात अफूला बंदीच घातली होती.

चाच्यांचं म्हणाल तर बहुतेक जण तोफा जास्त घेतात. समोर किती गलबतं येणार ते तुमची जागा आणि तुमच्या तोफा बघूनच ठरतं. तोफा वाढवल्या की टोळी वाढते आणि माल घटतो. दर जानेवारीला शत्रू आणखी चिवटही होतो. त्यामुळे लहान गलबताला पळणंच बरं. पळता येत नसेल तर थोडा माल समुद्रात टाका, गलबत हलकं होतं. मार खाल्लेलं गलबत हाँगकाँगला दुरुस्त न करता पुढे नेऊ नका, वादळात तेच बुडतं.

चाच्यांचा म्होरक्या ली युएन हाँगकाँगला समुद्रदेवीच्या देवळासाठी वर्गणी मागतो. ती देऊन टाका, मग त्याची टोळी वाट सोडते. पहिल्या वर्षी तो आकडा हातातल्या रोकडीवर ठरतो, म्हणून हाँगकाँगला येताना पैसा मालात अडकवून या. तसंही २५००० च्या वर रोकड खिशात घेऊन फिरलात तर लुटारू गाठतात.

दहा लाख झाले की निवृत्त होता येतं, पण हाँगकाँगलाच, आणि मोजतात फक्त रोकड अधिक बँक. गलबतात भरलेली अफू धरत नाहीत, आधी विका.