बीडीव्ही आला म्हणजे तेल तरुण झालं का?

डीजीएचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतला बिघाड ओळखायला तेलात विरघळलेले वायू तपासायचं सॅम्पल, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत! आज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत. काचेची सिरिंज गाडीत पडलेली, आणि तो पोरगा ड्रेन व्हॉल्व्हखाली बाटली धरून उभा, आधीचं घाण तेल थोडं वाहू द्यावं तेवढीही शुद्ध नाही. ओरडलो तर म्हणे "साहेब, तेल तेच आहे ना?" अरे बाबा तेल तेच आहे पण त्यातला वायू तपासायचाय, हायड्रोजन लॅबला पोचेपर्यंत निम्मा उडून जाणार आणि रिपोर्ट येणार एकदम चकाचक, मग तोच कागद घेऊन सगळे मला सांगणार की ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे, तू उगाच घाबरवतोस.

वरून आमचे साहेब खूश, कारण फिल्ट्रेशननंतर बीडीव्ही, म्हणजे तेल किती व्होल्टेज सोसतं तो आकडा, ६८ केव्ही आला. आला ना, येणारच! मशीनने पाणी काढलं, कचरा काढला, वायू काढला. अ‍ॅसिड काढलं का? रिपोर्टात ०.३४ होतं, अजून तेवढंच असणार, ०.३ च्या वर गेलं की तेल वाईट हे सगळ्यांना माहितीये तरी त्या रकान्याकडे कोणी बघत नाही. फुलर्स अर्थमधून, म्हणजे अ‍ॅसिड शोषणाऱ्या मातीतून, तेल रीक्लेम करा म्हणून दोनदा लिहून दिलं, दोन्ही वेळा "पुढच्या बजेटला बघू".

गेल्या वर्षी हेच झालं. फिल्टर केलं, ६५ आला, पेढे वाटायचेच बाकी होते, चार महिन्यांत ३८. का? कारण पाणी तेलात थोडंच असतं, खरं पाणी वाइंडिंगच्या कागदात मुरलेलं असतं, तेल कोरडं केलं की हळूहळू परत बाहेर येतं. आणि तो कागद? अ‍ॅसिड आणि पाणी दोन्ही त्याला खातात, तो कुजताना अजून पाणी सोडतो. नवा असताना डीपी, म्हणजे कागदाच्या तंतूंतल्या साखळीची लांबी, १००० च्या आसपास, २०० ला आला की संपला, मग टाकी भरून नवंकोरं तेल ओता, कागद परत जोडला जात नाही. कागद किती कुजलाय ते तेलावरून सांगणारी फ्युरान टेस्ट मागितली तर पर्चेसवाले विचारतात ती कशाला.

ब्रीदरचं, ज्यातून ट्रान्सफॉर्मर हवा घेतो त्याचं, तर नावच काढू नका. त्यातलं ओल शोषणारं सिलिका जेल जूनपासून गुलाबी आहे, म्हणजे ओलं होऊन संपलंय. गुलाबी! खालच्या कपात तेलाचा थेंब नाही, अख्खा पावसाळा तो ट्रान्सफॉर्मर ओली हवा सरळ कॉन्झर्व्हेटरमध्ये, म्हणजे वरच्या तेलाच्या छोट्या टाकीत, ओढतोय. किलोभर जेल बदलायला शटडाऊनसुद्धा लागत नाही हो. एप्रिलमध्ये वाइंडिंग तापलं तेव्हा लोड कमी करा म्हणून हात जोडले होते, सहा-आठ डिग्री वाढली की कागदाचं आयुष्य निम्मं होतं हे सांगून घसा सुकला, प्रॉडक्शनवाल्यांनी त्याच रात्री तिसरी शिफ्ट लावली.

ती बाटली मी तिथेच ओतून टाकली. उद्या सिरिंज माझ्या हातात असेल, आणि जेल मी स्वतः बदलणार आहे, बिल कोण पास करतं ते नंतर बघू.